अडवल्यानंतरचा चेंडू

६ नोव्हेंबर १९३१ रोजी ब्रिस्बेनच्या गॅबा मैदानावर डॉन ब्रॅडमन शून्यावर बाद झाला. एडी गिल्बर्ट नावाच्या चार पावलांच्या धावेवर येणाऱ्या गोलंदाजाने त्याला पाच चेंडू टाकले. त्यातल्या एकाने बॅट हातातून उडाली आणि पाचव्याचा झेल यष्टीमागे गेला. इतका वेग आपण कधी पाहिला नाही, असे ब्रॅडमनने पुढे कबूल केले. आपल्याकडच्या क्रिकेटवेड्यांना हा किस्सा ठाऊक असतो. गिल्बर्ट सामना संपवून कुठे परत गेला, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही.

तो परत गेला बरांबाला. ही ऑस्ट्रेलियातल्या मूलनिवासींसाठी सरकारने वसवलेली वसाहत. पुढच्याच वर्षी तिचे नाव बदलून चेरबर्ग झाले. क्वीन्सलंडच्या १८९७ च्या कायद्याने तिथल्या माणसाला वसाहतीबाहेर जायचे, नोकरी धरायची किंवा लग्न करायचे तर सरकारी संरक्षकाची परवानगी लागे. मजुरीसुद्धा परस्पर सरकारी खात्यात जमा होई. राज्याच्या संघातून खेळायला जाताना गिल्बर्टला दरवेळी लेखी परवाना काढावा लागत होता. १९३६ मध्ये क्रिकेट संघटनेने त्याला कायमचे वसाहतीत परत धाडले आणि सोबत कळवले की त्याला दिलेले पांढरे कपडे आमच्या खर्चाने धुऊन आमच्या कार्यालयात पोहोचते करावेत.

त्याच १९३६ मध्ये, त्याच चेरबर्गचा फ्रँक फिशर ब्रिटनच्या पाहुण्या रग्बी लीग संघाविरुद्ध खेळला. त्याचा खेळ पाहून इंग्लंडमधल्या सॅलफर्ड क्लबने त्याला करार देऊ केला. संरक्षक खात्याने जाऊ दिले नाही. सिडनी ऑलिंपिकमध्ये ४०० मीटरचे सुवर्णपदक जिंकणारी कॅथी फ्रीमन ही या फिशरची नात.

पुढे रग्बी लीगमध्ये ऑस्ट्रेलियाचा कप्तान झालेल्या आर्थर बीटसनची आई याच चेरबर्गमध्ये आणली गेली होती. कोवळ्या वयात घरच्यांपासून तोडून सरकारी छायेखाली वाढवलेल्या मुलांच्या त्या पिढ्यांपैकी ती एक. बीटसनचा जन्म २२ जानेवारी १९४५ चा, क्वीन्सलंडच्या आतल्या भागातल्या रोमा या गुराढोरांच्या गावात. फिशरला जी बोट मिळाली नाही, तसल्याच प्रवासाला तो बत्तीस वर्षांनी निघाला. इंग्लंडमधल्या हल किंग्स्टन रोव्हर्सकडून खेळायला तो १९६८ मध्ये गेला तेव्हा त्याला कुणाची परवानगी लागली नाही. तिथे त्याचा पाय मोडला, ही गोष्ट वेगळी.

या खेळाविषयी थोडे सांगायला हवे, कारण मुंबईकराला रग्बी म्हटले की बॉम्बे जिमखान्यावरची, पंधरा-पंधरा जणांची रग्बी आठवते. ही ती नव्हे. उत्तर इंग्लंडच्या गिरण्या आणि खाणींतले कामगार शनिवारी खेळायला गेले की त्यांची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडे. ती भरून द्यावी, असे तिथल्या क्लबांचे म्हणणे होते. लंडनच्या हौशी साहेबांनी नकार दिला आणि २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात या क्लबांनी वेगळी चूल मांडली. पुढे १९०६ मध्ये खेळाडू पंधराचे तेरा केले. गडी खाली पाडला गेला की ढीग रचून झोंबाझोंबी करण्याऐवजी त्याने उठायचे आणि टाचेने चेंडू मागे ढकलून खेळ पुन्हा सुरू करायचा, असा नियम आला. ऑस्ट्रेलियात १९०८ पासून सिडनीच्या कामगारवस्त्यांनी हाच खेळ आपला मानला.

तेरा जणांत सात ‘बॅक’ आणि सहा ‘फॉरवर्ड’. बॅक म्हणजे पळणारे, छायाचित्रांत दिसणारे. फॉरवर्डचे काम ऐकायला सोपे आहे. चेंडू घ्यायचा, समोर उभ्या असलेल्या तीन धिप्पाड माणसांच्या अंगावर जायचे, पडायचे, उठायचे, मागे यायचे आणि पुन्हा तेच करायचे. विरुद्ध बाजूचा कुणी असा धावून आला की त्याला पाडायचे. प्रॉप या जागेवरचा गडी तर जणू याच कामासाठी ठेवलेला. त्याने पाच-सात मीटर जमीन मिळवली तरी मागचे बॅक खूश. त्याचे नाव वर्तमानपत्रात आले तर ते बहुधा दुखापतींच्या यादीत.

म्हणून फॉरवर्डांच्या दंतकथाही सोसण्याच्याच असतात. साउथ सिडनीचा कप्तान जॉन सॅटलर १९७० च्या अंतिम सामन्यात सुरुवातीच्या काही मिनिटांतच जबडा मोडून बसला आणि उरलेला जवळजवळ सगळा सामना तसाच खेळला. संघ जिंकला, चषक घेतला, मग तो इस्पितळात गेला. सिडनीत ही गोष्ट नातवंडांना सांगतात. तिच्यातल्या शौर्याबद्दल मला शंका नाही. पण मोडलेल्या जबड्यालाच खेळ समजणाऱ्या परंपरेची पुढे काय किंमत मोजावी लागली, तेही आता दिसू लागले आहे. कँटरबरीचा फॉरवर्ड स्टीव्ह फोक्स २०१८ मध्ये ५९ व्या वर्षी गेला. डोक्याला वारंवार बसलेल्या धक्क्यांनी होणारा मेंदूचा आजार त्याला होता, हे त्याच्या मेंदूच्या तपासणीतून पुढच्या वर्षी जाहीर झाले.

बीटसनची दंतकथा अशी नव्हती. त्याच्याबद्दल लोक सांगत ते त्याच्या खाण्याचे किस्से. सामन्याआधी त्याने किती हॉट डॉग फस्त केले, मांस भरलेले किती ‘मीट पाय’ खाल्ले, याचे आकडे सांगणाऱ्याप्रमाणे बदलत. शंभर किलोंच्या वरचा देह, पुढे आलेले पोट, गोल चेहरा. आणि टोपणनाव मिळाले ‘हाफ अ गेम आर्टी’. अर्धाच सामना खेळणारा आर्टी.

या टोपणनावाचे मूळ १९६६ मध्ये आहे. रेडक्लिफ या ब्रिस्बेनजवळच्या समुद्रकाठच्या क्लबला त्याने १९६५ मध्ये पहिले अजिंक्यपद मिळवून देण्यात हातभार लावला होता. मूलनिवासींना राज्याच्या निवडणुकीत मत देण्याचा हक्क देणारा कायदा क्वीन्सलंडने केला तोही त्याच वर्षी, आणि तो करणारे ते देशातले शेवटचे राज्य. पुढच्या वर्षी बीटसन सिडनीच्या बालमेन क्लबमध्ये दाखल झाला आणि पहिल्याच मोसमात ब्रिटनविरुद्धच्या निर्णायक तिसऱ्या कसोटीत देशाकडून उतरला. मध्यंतरापर्यंत त्याने ब्रिटिशांची दाणादाण उडवली. मध्यंतरानंतर तो मैदानात आलाच नाही. ऑस्ट्रेलिया जिंकली आणि बीटसनच्या नावाला शेपूट चिकटले ते चिकटले.

मूलनिवासी माणूस अंगभूत हुशार पण आळशी, नैसर्गिक देणगी असलेला पण बेशिस्त, ही गोऱ्या ऑस्ट्रेलियाची जुनीच समजूत. जाड्या, हसऱ्या, मूलनिवासी फॉरवर्डच्या बाबतीत तिला आयताच पुरावा मिळाला. तो दमत असे, हे खरेच. तरुणपणी व्यायामाचा त्याला कंटाळा होता हेही खरे. पण त्याच्याइतकेच दमणाऱ्या गोऱ्या फॉरवर्डांना असे टोपणनाव का मिळाले नाही, हा प्रश्न त्या काळच्या क्रीडापानांवर कुणी विचारला नाही. शिवाय तो ऑस्ट्रेलियाकडून खेळला १९६६ मध्ये, आणि देशाच्या लोकसंख्येची गणना करताना मूलनिवासींना वगळायला सांगणारे राज्यघटनेचे कलम रद्द झाले २७ मे १९६७ च्या सार्वमताने. म्हणजे देशाची जर्सी अंगावर चढली तेव्हा देशाच्या हिशेबात तो अजून धरलेला नव्हता.

त्याचा खेळ नेमका काय होता, ते आता सांगतो. समजा चेंडू घेऊन तो तिघांच्या अंगावर गेला. त्यांनी त्याला धरला. एक कमरेला, एक मांड्यांना, एक छातीशी. सर्वसाधारण प्रॉप इथे संपतो. तो पडतो आणि चेंडू पोटाशी घट्ट धरतो, कारण चेंडू सुटला तर प्रशिक्षकाच्या शिव्या. बीटसन मात्र इथून सुरू होई. कबड्डीत कमरेला आणि घोट्याला पकड बसलेला चढाईवाला जसा मध्यरेषेकडे एक हात लांबवतो, तसा त्याचा चेंडूवाला हात त्या गर्दीतून वर किंवा बाजूने बाहेर निघे. त्या मोठ्या पंजात चेंडू लहान दिसे. आणि खाली कोसळता कोसळता तो मागून धावत येणाऱ्या गड्याच्या छातीवर अलगद सोडी. तिघे बचावपटू एका माणसाला धरण्यात गुंतलेले, त्यामुळे त्यांच्या जागी भगदाड पडलेले, आणि चेंडू आता त्या भगदाडातून पळणाऱ्याच्या हाती. याला ऑफलोड म्हणतात. बीटसनच्या आधीही लोक तो करत, पण त्याला आक्रमणाचा कणा बनवले ते त्याने.

यात नुसते हाताचे कसब नव्हते, नियमांची साथही होती. ही गोष्ट त्याच्या चरित्रात मला सगळ्यात रंजक वाटते. त्याने खेळायला सुरुवात केली तेव्हा संघाकडे चेंडू कितीही वेळ राहू शकत होता. पडा, उठा, पुन्हा पडा, मर्यादा नाही. सेंट जॉर्ज क्लबने १९५६ ते १९६६ अशी सलग अकरा अजिंक्यपदे मिळवली, त्यामागे चेंडू न सोडण्याची ही चिवट पद्धतही होती. अकराव्या वर्षी अंतिम सामन्यात हरलेला संघ बीटसनचा बालमेन होता, २३–४. अशा खेळात पकडीतून चेंडू सोडणे हा मूर्खपणा, कारण चेंडू धरून ठेवला तर तो आपलाच राहणार असतो. १९६७ मध्ये नियम बदलला. चार वेळा पाडले गेलात की चेंडू गेला. १९७१ मध्ये चाराचे सहा झाले. चेंडू नाहीतरी थोड्या वेळाने जाणारच, मग हातात असेपर्यंत जोखीम घेण्यात अर्थ आला. बीटसनचा दोष समजला जाणारा स्वभाव एका नियमाने गुण ठरवला.

तरी १९६९ त्याला चुकले. उपान्त्य टप्प्यात मॅनलीविरुद्ध मारामारीत पंचांनी त्याला बाहेर काढले, बंदी बसली, आणि बालमेनने बलाढ्य साउथ सिडनीला ११–२ असे हरवून अजिंक्यपद घेतले तेव्हा तो कडेला बसून होता. त्याचा राग तेव्हा चटकन भडके. त्याच्या खेळाचे दुसरे टोक असे की १९७२ च्या विश्वचषकात लियोंच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या दोन ट्रायपैकी (चेंडू समोरच्या रेषेपलीकडे टेकवणे म्हणजे ट्राय) एक त्याची होती. सामना १०–१० बरोबरीत सुटला, आधीच्या निकालांच्या जोरावर चषक ब्रिटनला मिळाला, आणि ऑस्ट्रेलियन लोक अजूनही त्या दिवशी नाकारल्या गेलेल्या, सेंट जॉर्जच्या लँगलंड्सच्या ट्रायवरून हळहळतात.

१९७१ मध्ये तो ईस्टर्न सबर्ब्स क्लबमध्ये गेला. १९७४ मध्ये तिथे जॅक गिब्सन प्रशिक्षक म्हणून परतला. गिब्सन मोजके बोलणारा, माजी प्रॉप. अमेरिकेत जाऊन तिथल्या फुटबॉल संघांची तयारी पाहून आलेला. कुणी किती वेळा पाडले, कुणाच्या हातून किती चेंडू सुटले, याची नोंद ठेवणे, सामन्यांच्या फिल्म दाखवणे, वजने उचलायला लावणे, हे सिडनीत त्याने रुजवले. असा हिशेबी माणूस आणि बीटसनसारखा मनमौजी खेळाडू यांचे पटणार नाही, असे कुणालाही वाटले असते. पटले. गिब्सनने त्याला कप्तान केले, अंगावरची चरबी थोडी उतरवायला लावली आणि हात मोकळे ठेवले. १९७४ चा अंतिम सामना ईस्ट्सने कँटरबरीविरुद्ध १९–४ असा जिंकला. १९७५ मध्ये सलग १९ सामने जिंकून अंतिम सामन्यात सेंट जॉर्जला ३८–० असे झोडपले. त्या दिवशी सेंट जॉर्जचा लँगलंड्स पांढरे बूट घालून आला होता. वेदना मारण्यासाठी दिलेले इंजेक्शन भलतीकडे गेल्याने त्याचा पाय बधिर पडला होता, आणि बूट मात्र सगळ्यांच्या डोळ्यांत भरत होते. बिचाऱ्याची सारी कारकीर्द एकीकडे आणि ते बूट एकीकडे.

मधल्या काळात, १९७३ मध्ये, बीटसनने ऑस्ट्रेलियाचे नेतृत्व केले. कोणत्याही खेळात देशाचा कप्तान झालेला तो पहिला मूलनिवासी. चेरबर्गमधून गिल्बर्टचे कपडे धुऊन परत मागवले गेले, त्याला तेव्हा चाळीस वर्षेही झाली नव्हती. १९७७ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाने सिडनीत ब्रिटनवर १३–१२ असा निसटता विजय मिळवला तेव्हाही कप्तान तोच होता.

इथे त्याची कारकीर्द संपायला हरकत नव्हती. पुढची दोन वर्षे बहुतेकांच्या बाबतीत उतरणीची असतात, त्याचीही होती. तो पॅरामाटा क्लबमध्ये गेला आणि १९८० च्या हिवाळ्यात पस्तिसाव्या वर्षी दुसऱ्या फळीच्या संघातून खेळत होता. आज पॅरामाटा आणि शेजारचे हॅरिस पार्क म्हणजे सिडनीतला भारतीय बाजार. साड्या, मिठाई, दिवाळीच्या पणत्या, आणि त्या परिसरातल्या मराठी घरांतली मुले पॅरामाटाच्या निळ्या-पिवळ्या जर्सीत शाळेत जाताना दिसतात. १९८० मध्ये ही वस्ती अशी नव्हती.

आता पैशाची गोष्ट. न्यू साउथ वेल्सने १९५६ मध्ये क्लबांना जुगाराची यंत्रे ठेवायची मुभा दिली. सिडनीच्या रग्बी लीग क्लबांच्या तिजोऱ्या भरू लागल्या. क्वीन्सलंडमध्ये १९९० चे दशक उजाडेपर्यंत ही यंत्रे नव्हती. परिणाम उघड होता. ब्रिस्बेनमध्ये कुणी चांगला खेळला की सिडनीवाले त्याला विकत घेत. आणि दोन राज्यांमधल्या सामन्यात खेळाडू जिथे खेळतो त्या राज्याकडून उतरत असल्याने, क्वीन्सलंडला आपल्याच पोरांकडून मार खावा लागे. साठ आणि सत्तरच्या दशकांत हे वर्षानुवर्षे चालले. रोमाचा बीटसनही डझनाहून अधिक वेळा न्यू साउथ वेल्सच्या फिक्या निळ्या जर्सीत उतरला. क्वीन्सलंडची मरून जर्सी त्याच्या वाट्याला आलीच नव्हती.

१९७७ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाने तिथल्या वेगळ्या फुटबॉलमध्ये एक प्रयोग केला होता. खेळाडूने आपल्या मूळ राज्याकडून खेळायचे. क्वीन्सलंड रग्बी लीगचा अध्यक्ष रॉन मॅकऑलिफ हा मुरलेला राजकारणी, देशाच्या सिनेटचा सदस्य. त्याने ही कल्पना उचलून धरली आणि सिडनीकडचा, न्यू साउथ वेल्सच्या लीगचा प्रमुख केविन हम्फ्रीजही राजी झाला. १९८० चे पहिले दोन सामने जुन्या पद्धतीने झाले, दोन्ही न्यू साउथ वेल्सने जिंकले. मालिका गेलेलीच होती, मग तिसरा सामना प्रयोग म्हणून ‘मूळ राज्या’च्या, म्हणजे ‘स्टेट ऑफ ओरिजिन’च्या नियमाने खेळायचे ठरले. सिडनीत अनेकांनी नाके मुरडली. आठवडाभर एका क्लबात एकत्र खेळणारे एकमेकांना खरेखुरे हाणतील काय, ही शंका होती. शंका रास्तच होती.

८ जुलै १९८०, लँग पार्क, ब्रिस्बेन. ३३,२१० प्रेक्षक. क्वीन्सलंडचा कप्तान म्हणून बीटसन सगळ्यांत पुढे बाहेर आला तेव्हा झालेल्या आवाजाबद्दल तिथे असलेले लोक अजून बोलतात. न्यू साउथ वेल्सच्या संघात मिक क्रोनिन होता, पॅरामाटाचा, म्हणजे बीटसनचा क्लबमधला सोबती. सामन्यात एका पकडीच्या वेळी बीटसनचा हात क्रोनिनच्या तोंडावर बसला. तो ठोसा होता की नुसता कोपराचा फटका, यावर चाळीस वर्षांनंतरही एकमत नाही. पहिल्या दिवशी फटका होता, दरवर्षी तो वाढत गेला आणि आता प्रचंड ठोसा झाला आहे. पण लोकांना हवे होते ते उत्तर मिळाले. क्लबची दोस्ती बाजूला ठेवून हे लोक लढणार.

मॅल मेनिंगा नावाचा पोलीस खात्यातला पोरगा त्या दिवशी वीस वर्षांचा झाला. त्याने सातपैकी सात गोल मारले. बुस्टेड आणि ख्रिस क्लोज यांनी एकेक ट्राय केली. २०–१०. बीटसनची ऑफलोड करायची सवय वयाने गेली नव्हती, पण त्या दिवशी त्याचे खरे काम वेगळे होते. वर्षानुवर्षे हरत आलेल्या राज्याला आपणही मारू शकतो हे तोंडी नव्हे तर हाताने सांगायचे होते.

हा त्याचा खेळाडू म्हणून पहिला आणि शेवटचा ओरिजिन सामना. पुढच्या वर्षीही त्याचे नाव होते, पण दुखापतीने तो बाहेर राहिला आणि कप्तानपद २१ वर्षांच्या वॉली लुईसकडे आले. बीटसन प्रशिक्षक म्हणून कडेला बसला. ०–१५ अशी पिछाडी भरून काढून क्वीन्सलंड २२–१५ जिंकले. १९८२ पासून दरवर्षी तीन सामन्यांची मालिका सुरू झाली. १९८२, १९८३, १९८४ च्या तिन्ही त्याच्या संघाने घेतल्या. ईस्ट्स आणि क्रोनुलाचा प्रशिक्षक म्हणून त्याला तेवढे यश आले नाही, त्यावर वेळ घालवण्याचे कारण नाही. प्रशिक्षकापेक्षा त्याची नजर चांगली होती. म्हणून पुढे कितीतरी वर्षे ईस्ट्सने, म्हणजे आताच्या सिडनी रुस्टर्सने, त्याला नवे खेळाडू हेरायचे काम दिले. गावोगावच्या मैदानांच्या कडेला उभे राहून पोरांचे हात बघणे हे त्याला आवडत असे.

‘रग्बी लीग वीक’ या साप्ताहिकाने १९८१ मध्ये ‘इमॉर्टल’ ही पदवी सुरू केली होती, एका मद्य कंपनीच्या पोर्ट वाइनच्या जाहिरातीला जोडून. जाहिरातीची कल्पना या खेळाचा सर्वोच्च मान होऊन बसली. २००३ मध्ये बीटसन सातवा इमॉर्टल झाला. २००८ मध्ये शतकाचा ऑस्ट्रेलियन संघ निवडला गेला, त्यात प्रॉपच्या दोन जागांपैकी एक त्याची. १ डिसेंबर २०११ रोजी गोल्ड कोस्टवर सायकल चालवताना हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला. वय ६६.

आज देशाच्या लोकसंख्येत मूलनिवासी शेकडा तीन ते चारच्या आसपास आहेत. रग्बी लीगच्या सर्वोच्च स्पर्धेत मात्र दहांत एकाहून अधिक खेळाडू मूलनिवासी असतात. आणि ओरिजिनचा वाद अजून मिटलेला नाही. मूळ राज्य कोणते हे ठरवण्याचे नियम आता वकिलांना पोसतील इतके झाले आहेत. तेरावा वाढदिवस कुठे झाला, तोवर कुठे राहत होतात, अशी विचारपूस होते. त्याआधीच्या ढिल्या नियमांत क्वीन्सलंडने ग्रेग इंग्लिसला उचलले. इंग्लिस मूलनिवासी, बीटसनसारखाच पकडीतून हात बाहेर काढणारा, आणि क्वीन्सलंडसाठी १८ ट्राय करून विक्रम करणारा. त्याचा जन्म केम्प्सीचा आणि बालपण बोराव्हिलचे. दोन्ही गावे न्यू साउथ वेल्समध्ये येतात. सिडनीच्या कुठल्याही पबमध्ये हा विषय काढून बघा, पुढचा तासभर नकाशे निघतात आणि शेवटी कुणीतरी हटकून म्हणतो, आधी तुम्ही आमच्याकडून बीटसन नेलात.

त्यावर क्वीन्सलंडचे लोक हसतात, कारण बीटसन रोमाचा.